मराठीत संवादी डिजिटल कथा कशी लिहावी: वर्गातील एका प्रकल्पाच्या अनुभवावरून

एम. ए. मराठीच्या तिसऱ्या सत्रात आम्हाला संवादी डिजिटल कथा लिहिण्याचा प्रकल्प होता. वाचक पडद्यावरील दुव्यांमधून निवड करत पुढे जातो आणि त्याच्या निवडीनुसार पुढचा मजकूर बदलतो, असा हा कथाप्रकार. मुदत सहा आठवड्यांची होती आणि अटी तीन होत्या: एक वाचन पंधरा ते वीस मिनिटांत संपावे, किमान तीन शेवट असावेत, आणि लेखन करताना घेतलेल्या निर्णयांचे दोन पानी निवेदन सोबत जोडावे. यांतील पहिले दोन आठवडे मी जवळजवळ वाया घालवले, कारण मी कामाला उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी सॉफ्टवेअर शिकलो, मग कथानकाला फाटे फोडत बसलो, आणि पहिला परिच्छेद लिहायला घेतला तेव्हा लक्षात आले की वाचकाला संबोधायचे कसे हेच ठरलेले नाही. इंग्रजीतील मार्गदर्शक लेखांत या प्रश्नाचा उल्लेख नसतो, कारण त्या भाषेत तो उद्भवतच नाही. मराठीत मात्र कथेचे जवळजवळ प्रत्येक वाक्य त्यावर अवलंबून असते. म्हणून पुढील लेखात पायऱ्या क्रमाने दिल्या असल्या, तरी क्रियापदांविषयीचा भाग मुद्दाम सविस्तर लिहिला आहे.

साधनाची निवड

मी ट्वाइन वापरले. ख्रिस क्लायमस यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेले हे साधन मोफत आणि मुक्तस्रोत आहे. ते ब्राउझरमध्ये चालते, संगणकावर स्वतंत्रपणे उतरवूनही घेता येते, आणि तयार झालेली कथा एकाच एचटीएमएल फाइलमध्ये बाहेर पडते. ही शेवटची गोष्ट विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे, कारण ती फाइल पेनड्राइव्हवर, ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवता येते आणि समोरच्याला काहीही उतरवून न घेता साध्या ब्राउझरमध्ये उघडता येते.

आमच्या वर्गातील एकाने इंक ही संवादी कथा लिहिण्याची संगणकीय भाषा वापरली. ती इंकल या कंपनीने २०१६ साली मुक्तस्रोत केली असून, ज्यांना ट्वाइनमधील चौकोनांच्या नकाशाऐवजी सलग मजकूर लिहिण्याची सवय आहे त्यांना ती अधिक मानवते. दुसऱ्या एकीला जुन्या धाटणीची, टंकलेल्या आज्ञांवर चालणारी कथा करायची होती, म्हणजे वाचकाने 'दार उघड', 'दिवा घे' असे टंकायचे आणि संगणकाने त्याचा अर्थ लावायचा. हा प्रकार १९७६ च्या सुमारास विल क्राउदर यांनी लिहिलेल्या गुहेच्या खेळापासून चालत आला आहे आणि त्यासाठी इन्फॉर्म हे उत्तम साधन उपलब्ध आहे. परंतु मराठीत 'विहीर' ची 'विहिरीत' होते, 'दिवा' चा 'दिव्याने' होतो आणि 'कुलूप' चे 'कुलपाला' होते. प्रत्येक वस्तूची सगळी विभक्तिरूपे संगणकाला स्वतः शिकवावी लागतात. तिने चौथ्या दिवशी तो नाद सोडला. सहा आठवड्यांच्या प्रकल्पासाठी दुव्यांवर चालणारी कथाच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ट्वाइनमध्ये कथा सुरू करताना 'स्टोरी फॉरमॅट', म्हणजे कथेचे दिसणे आणि आज्ञांची पद्धत ठरवणारा साचा, निवडावा लागतो. हार्लो, शुगरक्यूब, चॅपबुक आणि स्नोमॅन हे चार सोबत येतात. नवशिक्याने मूळचा निवडलेला हार्लोच ठेवावा. वाचनाच्या मध्येच खेळ साठवून ठेवण्याची सोय शुगरक्यूबमध्ये आयती मिळते, पण वीस मिनिटांच्या कथेला तिची गरज नसते. एकदा अर्धी कथा लिहून झाल्यावर फॉरमॅट बदलू नये, कारण प्रत्येकाच्या आज्ञा वेगळ्या पद्धतीने लिहिल्या जातात आणि सगळ्या पुन्हा लिहाव्या लागतात.

येथेच एक इशारा. ट्वाइन ब्राउझरमध्ये वापरले तर कथा कोणत्याही सर्व्हरवर जात नाही, ती त्या संगणकावरील त्या ब्राउझरच्या साठ्यातच राहते. ब्राउझरचा डेटा पुसला की कथा गेली. माझे पहिले अकरा पॅसेज, म्हणजे दुव्यांनी जोडलेले मजकुराचे तुकडे, असेच गेले, कारण मी ते प्रयोगशाळेतील संगणकावर लिहिले होते आणि तेथील संगणक रात्री आपोआप स्वच्छ होतात हे मला माहीत नव्हते. तेव्हापासून मी घरच्या संगणकावर उतरवलेली आवृत्ती वापरली आणि रोज काम थांबवताना 'अर्काइव्ह' ची, म्हणजे सगळ्या कथांच्या प्रतीची, फाइल तारखेच्या नावाने साठवून स्वतःलाच ईमेल केली.

कागदावरचा आराखडा

माझ्या कथेचा विषय धरणात बुडालेले गाव हा होता. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात गेलेल्या जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की उघडे पडते, आणि लोक ते पाहायला जातात. या वस्तुस्थितीवरून मी एक निनावी गाव कल्पिले: दुष्काळी वर्षात पाणी ओसरले आहे, जुन्या गावाची जोती दिसू लागली आहेत, आणि कथेतील पात्र आजीला घेऊन तिचे घर शोधायला निघाले आहे. आजीला घराची जागा आठवते, पण प्रत्येक वेळी वेगळी. वाचक कोणत्या आठवणीवर विश्वास ठेवतो यावर वाट ठरते.

असा विषय निवडण्यामागे एक व्यवहारी कारण होते आणि ते इतरांनीही ध्यानात घ्यावे. ज्या गोष्टीत जागा आहेत आणि त्या जागांमध्ये फिरता येते, ती गोष्ट दुव्यांच्या माध्यमाला आपोआप मानवते. याउलट, ज्या गोष्टीचा सगळा जोर एकाच पात्राच्या मनातील हळूहळू होणाऱ्या बदलावर आहे, ती सलग लिहिलेलीच बरी. आमच्या वर्गात एकाने आपली जुनी लघुकथा घेऊन तिच्या मध्यावर दोन पर्याय टाकले. ती लघुकथाच राहिली, फक्त मध्येच एक बटण आले.

आता फाट्यांचे गणित. प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय दिले आणि प्रत्येक पर्यायातून पूर्णपणे वेगळी कथा पुढे नेली, तर पाच निवडींनंतर ३२ शेवट होतात आणि एकूण ६३ पॅसेज लिहावे लागतात. दहा निवडी असतील तर १,०२४ शेवट. या रचनेला इंग्रजीत 'टाइम केव्ह' म्हणतात. सॅम काबो ॲशवेल यांनी २०१५ साली निवडीवर चालणाऱ्या कथांचे प्रचलित साचे एका लेखात मांडले, त्यांत हा पहिला आहे. वाचकाला त्यात एका वेळी फक्त सहा पॅसेज दिसतात आणि लेखकाचे सत्तावन्न पॅसेज त्याच्या नजरेआड राहतात. त्याच लेखातील 'ब्रँच अँड बॉटलनेक' हा साचा विद्यार्थ्याच्या उपयोगाचा आहे: वाटा फुटतात, थोड्या अंतरावर पुन्हा एका प्रसंगात येऊन मिळतात, पुन्हा फुटतात. मी माझ्या वहीत त्यांना फाटा आणि सांधा म्हणू लागलो. माझ्या कथेत तीन सांधे होते: वेशीवरील उंबराचे खोड, देवळाची पायरी आणि पाणी पुन्हा चढू लागल्याची बातमी. एकूण चौतीस पॅसेज झाले आणि एका वाचनात त्यांतील चौदा-पंधरा दिसत.

सांधा आला की सगळे एकाच ठिकाणी पोहोचतात, मग आधीच्या निवडीला अर्थ काय राहिला, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर कथेच्या 'आठवणीत' आहे. तिन्ही वाटांनी आलेला वाचक त्याच देवळाच्या पायरीवर बसतो, पण ज्याने वाटेत विहीर पाहिली आहे त्याच्याशी आजी विहिरीविषयी बोलते आणि ज्याने पाहिली नाही त्याला ती विहीर कुठे होती हे विचारते. प्रसंग एकच राहतो, बोलणे वेगळे होते. हे तांत्रिकदृष्ट्या कसे करायचे ते पुढे येईल.

आराखडा संगणकावर न काढता कागदाच्या तुकड्यांवर काढावा. मी जुन्या लग्नपत्रिका अर्ध्या कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर एकेक प्रसंग लिहिला आणि खोलीच्या फरशीवर मांडून दोऱ्याने जोडला. ज्या तुकड्यातून एकच दोरा बाहेर पडत होता आणि एकच आत येत होता, तो शेजारच्या तुकड्यात मिसळून टाकला. ज्या तुकड्यातून दोरा बाहेरच पडत नव्हता आणि तरी तो शेवट नव्हता, तेथे सापशिडीतल्या सापासारखा अकस्मात घात होत होता. असे दोन साप मी काढून टाकले, कारण चुकीच्या दुव्यावर टिचकी मारल्याबद्दल वाचकाला पाण्यात बुडवणे हा लेखकाचा आळस असतो.

वाचकाला 'तू' म्हणायचे की 'तुम्ही'

संवादी कथेची रूढ पद्धत अशी की पात्र म्हणजे वाचकच, आणि निवेदक त्याला द्वितीय पुरुषात संबोधतो. इंग्रजीतील 'यू' स्त्री-पुरुष, लहान-थोर, एक-अनेक सर्वांना चालते. मराठीत 'तू गेलास' असे लिहिताक्षणी वाचक पुरुष झाला आणि 'तू गेलीस' लिहिले की स्त्री झाली. 'तू चालतोस' आणि 'तू चालतेस' यांचेही तसेच. माझ्या पहिल्या मसुद्यात सर्वत्र 'गेलास, आलास, थांबलास' होते, आणि माझ्या पहिल्या वाचक मैत्रिणीने तिसऱ्या पॅसेजवर थांबून विचारले, "हा कोण आहे?" कथा तिची न राहता कोणा एका 'त्या'ची झाली होती.

यावर चार उपाय आहेत आणि चारही मी करून पाहिले.

पहिला उपाय 'तुम्ही' वापरण्याचा. 'तुम्ही गेलात', 'तुम्ही चालता', 'तुम्ही पाहाल' ही रूपे दोघांना चालतात. पण हा उपाय दिसतो तितका निर्धोक नाही. 'तुम्ही आला आहात' आणि 'तुम्ही आल्या आहात', 'तुम्ही उभे आहात' आणि 'तुम्ही उभ्या आहात' येथे लिंग पुन्हा डोके वर काढते. शिवाय 'तुम्ही' मुळे निवेदनाला बँकेतल्या सूचनाफलकाचा सूर येण्याचा धोका असतो. रहस्यकथेला तो सूर शोभू शकतो, आजी-नातवंडाच्या कथेला नाही.

दुसरा उपाय वाचकालाच सुरुवातीला विचारण्याचा आणि त्याच्या उत्तरानुसार प्रत्येक क्रियापदाचा शेवट बदलण्याचा. हे शक्य आहे, पण मी मोजले तेव्हा एका मध्यम लांबीच्या पॅसेजमध्ये नऊ ठिकाणी अट घालावी लागत होती. मजकूर वाचण्यासारखा राहत नाही, आणि एखादे ठिकाण हमखास सुटते.

तिसरा उपाय पात्राला नाव, वय आणि लिंग देऊन कथा तृतीय पुरुषात सांगण्याचा. वाचक मग पात्र न राहता त्याचा सल्लागार होतो. याला काहीही हरकत नाही, आणि ज्याला व्याकरणाशी झटायचे नसेल त्याने हाच मार्ग घ्यावा.

मी चौथा मार्ग घेतला, तो म्हणजे 'तू' ठेवून लिंग उघड न करणारी वाक्यरचना निवडणे. मराठीत अशा रचना भरपूर आहेत, फक्त त्या जाणीवपूर्वक शोधाव्या लागतात. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालते, म्हणून 'तू दार उघडलेस' आणि 'तू चिठ्ठी वाचलीस' यांत वाचक कोण आहे ते कळत नाही. भविष्यकाळातील 'तू जाशील' आणि आज्ञार्थातील 'थांब' ही रूपेही तटस्थ आहेत. अनुभव सांगणारी वाक्ये चतुर्थीत किंवा षष्ठीत लिहिली की प्रश्नच मिटतो: 'तू दमलास' ऐवजी 'तुला धाप लागली', 'तू घाबरलीस' ऐवजी 'तुझ्या पोटात गोळा आला'. गतीची वाक्ये कर्त्याऐवजी अवयवाकडे किंवा वाटेकडे सोपवता येतात: 'तू विहिरीपाशी गेलास' ऐवजी 'तुझे पाय विहिरीकडे वळले', 'वाट विहिरीपाशी येऊन थांबली'.

अपवाद मात्र पाठ करून ठेवावेत. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे, म्हणणे ही क्रियापदे सकर्मक वापरली तरी भूतकाळात कर्त्याप्रमाणेच चालतात, त्यामुळे 'तू पाणी प्यायलास', 'तू नाव विसरलीस' येथे लिंग फुटते. 'पाण्याचा घोट घशाखाली उतरला', 'नाव आठवेना' असे फेरफार मी केले. सर्वांत जास्त चुका संवादांत सापडल्या, कारण बोलताना आपण 'अरे' आणि 'अगं' सहज घालतो. आजीच्या पहिल्याच वाक्यात मी 'कधी आलास रे?' लिहिले होते. ते बदलताना मला आमच्या घरातील बोलणे आठवले आणि वाक्य झाले, 'आलं का माझं बाळ?' नपुंसकलिंगातील हे लाडाचे बोलणे माझ्या अडचणीवर उतारा तर ठरलेच, शिवाय आजी त्या एका वाक्यात उभी राहिली. पुढे संपूर्ण कथेत ती वाचकाला 'बाळा' म्हणते. या प्रकल्पात माझ्या हातून जे काही बरे लिहून झाले, ते व्याकरणाच्या या अडचणीतून निघाले, असे मी निवेदनातही लिहिले.

ही शिस्त पाळता येते आहे की नाही हे तपासण्यासाठी 'लास', 'लीस', 'तोस', 'तेस', 'अरे', 'अगं' हे तुकडे 'फाइंड अँड रिप्लेस' मध्ये टाकून संपूर्ण कथा चाळावी. 'वाचलीस' सारखी निर्दोष रूपेही त्यात सापडतील, तेवढी डोळ्यांनी वगळावीत.

दुवे कोठे आणि कसे

ट्वाइनमध्ये दुवा देणे अगदी सोपे आहे. दुहेरी चौकोनी कंसात वाचकाला दिसणारे शब्द, मग बाण, मग ज्या पॅसेजवर जायचे त्याचे नाव:

[[उंबराच्या खोडाकडे वळ->उंबर]]

'उंबर' नावाचा पॅसेज नसेल तर ट्वाइन तो आपोआप तयार करते आणि नकाशावर नवा चौकोन दिसू लागतो. पुढे त्या पॅसेजचे नाव त्याच्या खिडकीतून बदलले तर त्याच्याकडे येणारे दुवेही बदलले जातात.

दुव्यांची रूपे एका पॅसेजमध्ये तरी सारखी ठेवावीत. मी आज्ञार्थ ठरवला: 'आजीला विचार', 'पुढे चल', 'पाण्यात उतर'. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येत असल्यामुळे दुवा वाक्याच्या शेवटी स्वाभाविकपणे बसतो. वाक्याच्या मधल्या शब्दाला दुवा द्यायचा असेल तर प्रत्ययासह संपूर्ण शब्द कंसात घ्यावा. 'विहिरी' ला दुवा आणि 'कडे' मोकळा असे केले तर शब्द दोन रंगांत तुटलेला दिसतो, आणि जोडाक्षराच्या मध्येच कंस आला तर अक्षरच फुटते.

वाचकाला निवड करण्यापूर्वी काहीतरी माहिती असायला हवी. 'डावीकडे जा' आणि 'उजवीकडे जा' ही निवड नव्हे, छापा-काटा आहे. 'आजी म्हणते तसे डावीकडे जा' आणि 'जोत्यांची रांग जाते तसे उजवीकडे जा' ही निवड आहे, कारण आता वाचकाला माणूस आणि दगड यांपैकी कोणावर विसंबायचे हे ठरवावे लागते. माझ्या मॅडमनी पहिल्या मसुद्यातील सहा दुव्यांवर केवळ एक शब्द लिहिला होता: 'का?' त्या सहांपैकी चार मी काढले आणि दोन पुन्हा लिहिले.

कथेची आठवण

वाचकाने काय केले हे कथेला लक्षात ठेवायला लावण्यासाठी व्हेरिएबल वापरतात. हार्लोमध्ये व्हेरिएबलचे नाव डॉलरच्या चिन्हाने सुरू होते. ते नाव आणि सगळ्या आज्ञा रोमन अक्षरांतच लिहाव्यात, देवनागरी नावे चालत नाहीत. माझ्याजवळ फक्त चार व्हेरिएबल होती: विहीर पाहिली का, किल्ली घेतली का, आजीचे किती वेळा ऐकले, आणि फोन उचलला का. पहिले, दुसरे आणि चौथे हो किंवा नाही एवढेच सांगणारे, तिसरे आकडा धरणारे. विहिरीच्या पॅसेजमध्ये पहिल्याला 'हो' अशी किंमत द्यायची, आणि देवळाच्या पायरीवर अट गोल कंसात लिहून तिला लागूनच चौकोनी कंसात तो खास मजकूर ठेवायचा, एवढेच काम. नवशिक्यांची ठरलेली चूक अशी की किंमत देताना 'टू' आणि तपासताना 'इज' हा शब्द लागतो, त्यांची अदलाबदल होते.

कथा सुरू होताच पहिल्या पॅसेजमध्ये चारही व्हेरिएबलांना आरंभीची किंमत द्यावी. पुढे चूक शोधताना तेवढाच एक पॅसेज पाहावा लागतो.

मराठीत येथेही एक खाच आहे. समजा वाचकाने उचललेली वस्तू व्हेरिएबलमध्ये साठवली आणि पुढे त्या व्हेरिएबलला 'ने' जोडून वाक्य केले. वस्तू 'किल्ली' असेल तर 'किल्लीने' बरोबर येते. वस्तू 'दिवा' असेल तर 'दिवाने' असे भलतेच काही छापले जाते, कारण प्रत्ययापूर्वी होणारे सामान्यरूप संगणकाला माहीत नसते. दोन मार्ग आहेत: प्रत्येक वस्तूसाठी मूळ रूप आणि सामान्यरूप ('दिवा' आणि 'दिव्या') अशी दोन व्हेरिएबले ठेवावीत, किंवा ज्यांचे रूप प्रत्ययापूर्वी बदलत नाही अशाच वस्तू निवडाव्यात. मी दुसरा मार्ग पत्करला आणि आजीच्या ट्रंकेतला आरसा कथेतून बाहेर काढला. त्याची हळहळ अजून वाटते.

देवनागरीचे प्रश्न

एक संपूर्ण संध्याकाळ मी एका चुकीच्या शोधात घालवली. 'वाऱ्यावर' नावाचा पॅसेज लिहून तयार होता, त्याकडे जाणारा दुवाही दिला होता, तरी दुव्यावरून कोऱ्या पानावर जायला होत असे. नकाशावर पाहिले तर 'वाऱ्यावर' नावाचे दोन चौकोन होते. कारण असे की 'ऱ्य' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिले जाऊ शकते: काही कीबोर्ड नुक्त्याचा स्वतंत्र 'ऱ' वापरतात, काही साध्या 'र' ला हलन्त देऊन एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात. मी अर्धे लेखन फोनवर आणि अर्धे लॅपटॉपवर केले होते. तेव्हापासून पॅसेजना मी 'उंबर', 'पायरी', 'नदी' अशी साधी नावे दिली आणि दुवा देताना नाव पुन्हा न टंकता नक्कल करून डकवले.

दिसण्याविषयी थोडक्यात. हार्लोचा मूळ पेहराव काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असा आहे. तो मी उलट केला, कारण देवनागरीतील बारीक मात्रा आणि अनुस्वार काळ्यावर डोळ्यांना शिणवतात. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे कथेचे दिसणे ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, ओळींमधील अंतर अक्षराच्या आकाराच्या १.७ पट ठेवले, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. फाँट म्हणून मुक्ता वापरला. तो मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा असून मुक्त परवान्यावर मिळतो. इंटरनेटवरून मागवलेला फाँट जोडणी नसताना दिसत नाही, म्हणून पर्यायी नाव म्हणून नोटो सॅन्स देवनागरी द्यावा. तिरकी अक्षरे टाळावीत, देवनागरीत ती पडल्यासारखी दिसतात. आजीच्या आठवणी वेगळ्या दाखवण्यासाठी मी तिरक्या अक्षरांऐवजी डाव्या बाजूला एक बारीक उभी रेघ दिली.

चित्रे आणि ध्वनी यांच्या मोहात फार पडू नये. चित्र वेगळ्या फाइलमध्ये असेल तर एकट्या एचटीएमएल फाइलसोबत ते जात नाही, आणि आपोआप सुरू होणारा आवाज वाचकाने काही दाबेपर्यंत बहुतेक ब्राउझर रोखून धरतात.

वाचून घेणे

लेखकाला आपली कथा स्वतः तपासता येत नाही, कारण त्याला सगळ्या वाटा ठाऊक असतात. मी पाच जणांकडून ती वाचून घेतली आणि ते वाचत असताना शेजारी वही घेऊन बसलो. या बैठकीचा एकच नियम: काहीही समजावून सांगायचे नाही. वाचक कोठे थांबतो, कोठे न वाचताच पुढे टिचकी मारतो, कोठे परत फिरतो, एवढेच टिपायचे. दोघांना दुवे दुवे आहेत हेच प्रथम कळले नाही, कारण मी त्यांचा रंग मजकुराशी फार जुळवला होता. चौघांनी एक लांबलचक वर्णनाचा पॅसेज तीन सेकंदांत ओलांडला. मला तो सर्वांत आवडत होता. मी तो दोनशे साठ शब्दांवरून नव्वदवर आणला, आणि फोनच्या एका पडद्यावर न मावणारा पॅसेज शक्यतो ठेवायचा नाही असे ठरवले.

हार्लोमध्ये मजकुराच्या कडेला मागे आणि पुढे जाण्याचे बाण असतात. एका वाचकाने प्रत्येक निवडीनंतर मागचा बाण दाबून दुसरा पर्यायही पाहिला. आजी दुखावली की लगेच मागे. ज्या कथेचा विषयच परत न येणाऱ्या गावाचा आहे, तेथे हे मला खटकले आणि मी स्टाइलशीटमधून बाण लपवले. ही निवड कथेगणिक वेगळी असू शकते, कोड्याच्या कथेत बाण ठेवणेच न्याय्य ठरेल.

वाचकांनी आपापल्या फोनवरही कथा उघडावी. माझ्या एका काकांच्या जुन्या फोनवर दोन दुवे एकमेकांना इतके चिकटले होते की बोटाने नेमका कोणता दाबला जातो हे नशिबावर होते.

सुपूर्द करणे आणि सादरीकरण

'बिल्ड' विभागातील 'पब्लिश टू फाइल' ने अंतिम एचटीएमएल फाइल मिळते. तिला रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता नाव द्यावे. त्याच विभागातील 'प्रूफ' हे सगळे पॅसेज एकाखाली एक दाखवते. ते छापून शिक्षकांना दिले तर त्यांना शुद्धलेखन तपासणे सोपे जाते, कारण कथा खेळत खेळत प्रत्येक कोपरा पाहण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करता येत नाही. मी फरशीवरील तुकड्यांचे छायाचित्रही जोडले. कथा सार्वजनिक करायची असेल तर इच डॉट आयओ या संकेतस्थळावर ती ब्राउझरमध्ये खेळता येईल अशी चढवता येते.

निवेदनात कथेचा सारांश लिहू नये. कोणता पर्याय दिला, कोणता नाकारला आणि का, हे लिहावे. माझ्या दोन पानांपैकी सव्वा पान 'आलास' आणि 'आलीस' यांच्याविषयी होते, उरलेल्या भागात तीन सांध्यांचा आराखडा, काढून टाकलेला आरसा आणि लपवलेले बाण.

सादरीकरणासाठी दहा मिनिटे होती. मी कथा प्रोजेक्टरवर लावली आणि प्रत्येक निवडीला वर्गाला हात वर करायला सांगितले. आजीची आठवण आणि जोत्यांची रांग यांत मते पडली चौदा विरुद्ध नऊ, आणि बहुमताने आम्ही आजीमागे डावीकडे गेलो. तेथे घर नव्हते. मागच्या बाकावरून कोणीतरी परत फिरायला सांगितले, मॅडमनी पडद्यावर मागे जाण्याचा बाण शोधला आणि तो का नाही असे मला विचारले. ते उत्तर निवेदनाच्या दुसऱ्या पानावर होते, पण सादरीकरणाच्या दहांपैकी सात मिनिटे तोवर संपली होती आणि पाणी चढू लागल्याची बातमी यायची होती, म्हणून मी पुढचा दुवा दाबला.